मागच्या सीटवरचा सुस्कारा

पाचला पाच मिनिटं असताना आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नसे. माणसं भिंतींना टेकलेली, पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसलेली, दोघं तर लाँड्रीवाल्याच्या इस्त्रीच्या टेबलावर चढलेले. आणि एवढ्या सगळ्यांचे डोळे कशावर लागलेले, तर एका सव्वीस वर्षं जुन्या, करड्या रंगाच्या, मागच्या काचेला तडा गेलेल्या गाडीवर.

गाडी आमच्या चष्मेवाल्यांची. चष्मेवाले चार महिन्यांपूर्वी गेले. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं, ते बंद झालं. गाडी दारातल्या फरशीवर तशीच उभी राहिली.

गाडीच्या मागे एक माणूस उभा असायचा. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिंप्याच्या असते तशी मोजपट्टी. लोक त्याला तोलमहाराज म्हणत, कारण तो गेलेल्या माणसांचं वजन मोजायचा. आवाज मोठा गोड. हात वर करून तो समजावून सांगायचा की देह जातो, पण वजन कुठे जाईल? विज्ञानच सांगतं, काहीही नष्ट होत नाही. विज्ञानाचा कान धरून त्याला असं हवं तिथे उभं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कोणी विचारलं, मग चष्मेवाले पुढच्या सीटवर का बसत नाहीत, आयुष्यभर गाडी तर तेच चालवायचे. तर महाराज जराही न अडखळता म्हणाले की मेलेल्या माणसाचं लायसन्स रद्द होतं, तेव्हा त्यानं मागेच बसायचं. लोकांनी माना डोलावल्या. हसलं कोणी नाही.

मग महाराज वाकून जमिनीपासून मागच्या बंपरपर्यंत पट्टी लावत आणि खणखणीत आवाजात आकडा सांगत, साडेबावीस. उजव्या चाकामागे एक चादर अंथरत, तिच्यावर गुडघे टेकून कपाळ बंपरला लावत, दोन्ही हात गाडीखाली पसरून काहीतरी पुटपुटत. 

आणि मग तो आवाज येई. स्स्स्स. लांब, थकलेला. दिवसभर उभं राहून काम केलेला माणूस खुर्चीत बसताना टाकतो तसा सुस्कारा. त्यासरशी गाडीचा मागचा भाग हळूहळू खाली बसे. दार उघडलेलं नाही, आत कोणी नाही, आणि गाडी मात्र एखादा वजनदार माणूस आत येऊन टेकावा तशी खाली जाई. महाराज पुन्हा पट्टी लावत. वीस. म्हणजे अडीच इंच.

"आज निवांत बसलेत," महाराज सांगत.

मागच्या दाराशी वेताच्या खुर्चीत चष्मेवाल्यांची बायको बसलेली असे, आमच्या वहिनी. त्या काचेकडे तोंड करून अगदी हळू, घरातल्या घरात विचारावं तसं विचारत, "आलात?"

तेवढा एक शब्द. तो ऐकून गल्लीतल्या निम्म्या बायकांचे डोळे भरून येत. 

आता माझं सांगतो. मी मिस्त्री. अडतीस वर्षं गाड्यांच्या खाली पाठीवर पडून काढली, आणि त्यातही माझा हातखंडा मागून बसलेल्या गाड्यांत. स्प्रिंग दमलेली, रबर फाटलेलं, हवेचा फुगा गळका, काय असेल ते. चष्मेवाल्यांच्या गाडीला मागे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे होते. त्या काळी महागड्या गाड्यांना असायचे. तेव्हा तो सुस्कारा पहिल्या दिवशी कानावर पडला त्याच क्षणी मला कळलं की हे काय आहे. हवा सुटते आहे. दुसरं काही नाही.

आणि तरी मी सव्वीस दिवस तोंड उघडलं नाही.

का, ते खरं सांगायचं तर लाज वाटते, पण सांगतो. पहिलं कारण सांगायला सोपं आहे. आमच्या वस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं, की मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. लोक त्यांच्या गाडीत काय काय घेऊन फिरतात, आपल्याला ठाऊक नसतं. तो नियम मी कधी मोडला नाही, आणि वहिनींनी मला काही सांगितलं नव्हतं.

दुसरं कारण गल्लीचं. चष्मेवाले गेल्यावर पहिले तीन महिने त्या दारात कोणी फिरकलं नव्हतं. पोस्टमन पत्रं फटीतून आत सारायचा आणि पुढे जायचा. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत. तिच्यातून मला संध्याकाळी ताट ठेवल्याचा आवाज यायचा, एकच ताट, आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्यांनाही माझ्याकडून तेच ऐकू येत असणार. माझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली. मी रेडिओवरच्या बातम्या दोनदा ऐकतो. पहिल्यांदा बातम्यांसाठी, दुसऱ्यांदा आवाजासाठी.

आणि मग हा महाराज आला. आला होता म्हणे स्वतःचा चष्मा दुरुस्त करायला. दुकान बंद, दारात गाडी मागून बसलेली, बाई एकटी. त्यानं एवढं पाहिलं आणि मुक्कामच टाकला. आठवड्याभरात गल्ली माणसांनी भरली. कोणी चहा आणून हातात देऊ लागलं, कोणी सरकून "बसा ना, मिस्त्री" म्हणू लागलं. अकरा वर्षांत मला बसा म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं हो.

तिसरं कारण याहून वाईट. नवव्या दिवशी गर्दी पांगल्यावर मी महाराजांना बाजूला घेऊन विचारलं की ज्याची स्वतःची गाडी कधीच विकून झाली, त्याचं माणूस दुसऱ्याच्या गाडीत येऊ शकतं का. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिची एखादी वस्तू घेऊन या म्हणाले. मी घरी आलो. कपाटातून तिचा कंगवा काढला. हातात धरून किती वेळ बसलो कोण जाणे. मग परत ठेवला. ज्याला त्या गाडीतली नळी, व्हॉल्व्ह, फुगा सगळं तोंडपाठ, त्याची ही गत. तर बाकीच्यांना मी कोणत्या तोंडानं हसू?

मी देवाला मानणारा माणूस आहे. सकाळी उठून त्याचं नाव घेतल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही. कोणी गोड गळ्यानं त्याचे गुण गाऊन सांगायला लागला की मी घड्याळाकडे बघत नाही. पण ज्यानं एवढं आभाळ खांबाशिवाय तोलून धरलं, त्याला आपली ओळख पटवायला गळका फुगा लागेल, हे काही मला पटेना. ते पटत नव्हतं, आणि मी गप्प होतो. ही माझी चूक.

सोमवारी दुपारी वहिनींच्या मुलीचा फोन आला. ती लांब, दुसऱ्या देशात. आई फोन उचलत नाही म्हणून तिनं मला केला होता. तिच्याकडून कळलं ते असं. वहिनींना काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की यात गेलेली नजर परत येत नाही; ऑपरेशन करायचं ते उरलेली वाचवायला. दोन तारखा वहिनींनी चुकवल्या. तिसरी येत्या गुरुवारची. ती चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि दोन महिने त्यांच्या डोळ्यांकडे नाहीत.

तारखा का चुकवल्या? तर महाराजांनी सांगितलंय, चाळीस संध्याकाळी अखंड झाल्या पाहिजेत. मध्ये एक जरी चुकली तर ते उठून जातील ते कायमचे. सोमवारपर्यंत सव्वीस झाल्या होत्या. दवाखाना शेजारच्या शहरात, तीन दिवस राहायचं. मुलगी विमानाचं तिकीट मिळेल तशी निघणार होती, पण शनिवारच्या आधी पोहोचत नव्हती.

"काका," ती म्हणाली, "बाबांनी गावभर लोकांना नजर दिली. माझी आई आंधळी होईल आता."

मंगळवारी सकाळी मी गेलो. महाराज रोज सकाळी अकरापर्यंत बाहेर असत. कुठे कुठे जुन्या गाड्या आहेत नि कोणाच्या घरी कोण गेलंय याची चौकशी करत फिरत, हे पुढे कळलं. वहिनी गाडीच्या काचा पुसत होत्या. पुसताना उजवीकडचा कोपरा तसाच राहत होता, कारण तो त्यांना दिसतच नव्हता.

मी गुरुवारचं बोलणं काढलं. त्यांनी फडका पिळला, वाळत घातला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिसलं नाही तरी ऐकू येईल ना, भावजी."

 अडतीस वर्षं लोक माझ्याकडे येऊन एकच वाक्य बोलत आले. ते त्या दिवशी मीच बोललो.

"वहिनी, गाडी मागून बसतेय. बघू का?"

त्यांनी दोरीवरचा फडका सारखा केला. मग विचारलं, बघितलं तर हे जातील का. मी म्हटलं, असतील तर माझ्या पान्याला घाबरून जायचे नाहीत.

"पान्याला नाही घाबरायचे," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या बडबडीला घाबरायचे. गॅरेजात एकदा सापडलं की मिस्त्री दुपारपर्यंत सोडत नाही म्हणायचे." आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मागून बसलेल्या गाडीचं काम घाईनं करायचं नसतं. आधी जमीन बघायची. मी उतार बघायची लेव्हलची नळी फरशीवर ठेवली. तिचा बुडबुडा मधोमध आला, म्हणजे जागा सपाट. मग चाकं. मागच्या उजव्या चाकात हवा कमी होती, ती भरली. मग डिकी, कारण आतलं ओझं काढल्याशिवाय घेतलेलं माप खोटं. डिकी म्हटल्यावर वहिनींचा हात थांबला. चार महिन्यांत त्यांनी ती उघडली नव्हती. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. शेवटी त्यांनीच उघडली. आत एक घडीची खुर्ची, छत्री, आणि चष्म्याच्या काचांच्या चार जड पेट्या. एका डबीत वहिनींचा जुना, काडी मोडलेला चष्मा निघाला. कागदाच्या चिठ्ठीवर चष्मेवाल्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'हिचा. आधी करणे.' ती चिठ्ठी मी वाचून दाखवली. वहिनींनी डबी पदराखाली धरली आणि पेट्या उतरवायला मला मदत केली.

मग माप. मी त्यांना सांगितलं की महाराज जमिनीपासून मोजतात ते चूक. त्यात चाकातली हवाही मोजली जाते. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंत मोजायचं, दोन्ही बाजूंना. पट्टीवरचे आकडे त्यांना दिसत नव्हते, म्हणून त्यांचा हात धरून चाक आणि कमान यांच्यामधल्या फटीत ठेवला. जेमतेम दोन बोटं. मग आत बसून इंजिन सुरू केलं. खालून पंपाची घरघर सुरू झाली आणि गाडी मागून वर यायला लागली. वहिनींनी दचकून हात मागे घेतला.

"उठले?"

"पंप चालू झाला," मी म्हटलं. ते म्हणणं मला जड गेलं, पण म्हटलं.

महाराज रोज साडेचारला 'आसन तापवायला' म्हणून इंजिन सुरू करायचे, ते याचसाठी. गाडी वर आल्याशिवाय खाली कशी बसणार?

बादलीत साबण कालवला. ब्रशनं ते पाणी रबरी फुग्यांवर सोडलं. उजव्या फुग्याच्या घडीवर बारीक बुडबुडे आले, एकामागून एक. तिथे मी वहिनींचं बोट नेलं. रबर म्हातारं झालंय, म्हटलं, थोडी थोडी हवा जाते, म्हणून रोज सकाळी गाडी बसलेली असते. त्या बोटानं बुडबुडे फोडत राहिल्या. 

पण रात्रभरात बसणं वेगळं आणि पाचच्या ठोक्याला बसणं वेगळं. म्हणून टॉर्च घेऊन मी आत सरपटलो. चाकाच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो, आणि त्याला बोटभर लांबीची एक आडवी दांडी. मागे माणसं बसली, गाडी दबली, की दांडी एका बाजूला वळते आणि फुग्यात हवा भरते. माणसं उतरली की दुसऱ्या बाजूला वळते आणि जास्तीची हवा सोडून देते. बस, एवढंच त्याचं काम. गाडीच्या खाली सगळीकडे वर्षानुवर्षांचा चिखल वाळलेला होता. ती दांडी मात्र स्वच्छ, घासल्यासारखी चकचकीत. कोणीतरी रोज तिला हात लावत होतं. आणि ती होती बरोबर तिथे, जिथे चादरीवर गुडघे टेकून हात पसरले की बोटं पोहोचतात.

मी बाहेर आलो, हात पुसले. वहिनींसाठी बुटका स्टूल आणला. म्हटलं, मी करून दाखवणार नाही, तुम्हीच करा. त्यांचा हात खाली नेऊन दांडी तिच्या वाटीतून कशी सोडवायची ते दाखवलं आणि सोडून दिलं.

त्यांनी दांडी वळवली. स्स्स्स. गाडी खाली आली.

"परत," त्या म्हणाल्या. मी इंजिन सुरू केलं, गाडी वर आली, बंद केलं. त्यांनी पुन्हा वळवली. मग पुन्हा. चौथ्यांदा झाल्यावर त्यांनी हात काढून घेतला, मांडीवर ठेवला.

"यांचा सुस्कारा दोन तुकड्यांत यायचा, भावजी. मध्ये अडकायचा. दम्याचा माणूस. हा सरळ जातो. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग?"

"मग काय. पाच वाजता कोणीतरी यायचं."

मी त्यांच्यासमोर फरशीवरच बसलो. माझंही पहिल्या दिवशीचं त्यांना सांगितलं, कंगव्याचंही. दोघं शहाणी माणसं, एका भिंतीच्या दोन बाजूंना, एकच खोटं सव्वीस दिवस सांभाळत बसलेली. वहिनी म्हणाल्या की संध्याकाळी मी मध्ये बोलायचं नाही, त्या बघतील.

संध्याकाळी गर्दी रोजच्यापेक्षा थोडी जास्तच. पुढे एक बाई बसली होती, लांबून आलेली. मांडीवर मुलाचा फोटो. उद्यापासून महाराज तिच्या दारातल्या गाडीत तिचा मुलगा बसवणार होते. महाराजांनी आकडा सांगितला, चादर झटकली आणि अंथरणार, तोच वहिनी खुर्चीतून उठल्या. नम्रपणे म्हणाल्या की आज महाराजांनी जरा तिकडे, लाँड्रीच्या टेबलापाशी उभं राहावं. यांना कोणी फार जवळ आलेलं आवडत नसे.

महाराज हसले. स्पर्शाशिवाय लहरी जुळत नाहीत, म्हणाले. वहिनी म्हणाल्या, बत्तीस वर्षं माझ्या जुळल्या, आज एक दिवस मलाच जुळवू द्या. लोकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. टेबलावरच्या दोघांनी सरकून महाराजांना जागा करून दिली.

पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली. गाडी होती तशी उभी. महाराजांनी तिथूनच आवाज चढवून सांगितलं की वातावरणात शंका आहे, कोणाच्या तरी मनात अविश्वास आहे, त्यामुळे आत्मा बिचकतोय. त्यावर पोस्टमन मागून म्हणाला, "मी तर रोजच शंका घेत उभा असतो. रोज कसे यायचे मग?" चार माणसं हसली.

वहिनी गुडघे टेकून चादरीवर बसल्या. एक हात बंपरवर, दुसरा खाली. सगळ्या गल्लीनं तो सुस्कारा ऐकला. गाडी अडीच इंच खाली बसली.

त्या उठल्या नाहीत. तशाच बसून, गर्दी नेमकी कुठे आहे ते धड दिसत नसताना, तिच्या दिशेनं बोलल्या. "हे येत नाहीत. हवा जाते. दांडी फिरवली की जाते. कोणालाही जमेल. या, बघा."

 मग पोस्टमन पुढे झाला, खाली पडला, त्यानं दांडी हलवून पाहिली. मग एकेक करत दहाबारा जणांनी. मी टॉर्च धरून तीन वाक्यांत सगळं सांगितलं: फुगा, पंप, व्हॉल्व्ह. काही जण माझ्यावरच चिडले. आधी का नाही बोललास, हा त्यांचा प्रश्न, आणि त्यांचं बरोबर होतं. मी मान खाली घातली.

फोटोवाल्या बाईनं मात्र दांडी पाहिली नाही. ती वहिनींना म्हणाली, "तुमचे सव्वीस दिवस झाले. माझा एक तरी होऊ द्यायचा होता." वहिनी तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि मुलगा काय करायचा ते विचारत राहिल्या. बाईनं फोटो हातानं पुसला. मग सांगू लागली, आणि गर्दी पांगून गेली तरी सांगतच होती.

महाराज पळाले नाहीत. त्यांनी चादरीची घडी घातली, मोजपट्टी गुंडाळली. मी जवळ गेलो तेव्हा खाली बघत म्हणाले की चौदा वर्षं ते एका मालकाची अशीच गाडी चालवत होते. मालक गेले, त्यांच्या बायकोनं गाडीजवळ तो आवाज ऐकला, आणि रडत यांना घरात बोलावून जेवायला वाढलं. पहिल्यांदा झालं ते चुकून. "त्या आवाजानंतर मला घरात घेतात, एवढंच मला ठाऊक," ते म्हणाले. एकटेपणा त्यांनाही होता. माझं मन कळवळलं, नाही असं नाही. पण स्वतःला ऊब मिळावी म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यांचा जाळ करायचा नसतो. तेही मी त्यांना सांगितलं. ते पिशवी घेऊन गेले. पुन्हा दिसले नाहीत.

बुधवारी पाच वाजता गल्ली रिकामी होती. इस्त्रीचा वास आणि एक मांजर. वहिनी दारात आल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, आत गेल्या. खरं कळल्यानंतरचा दिवस असा असतो, हे कोणी सांगत नाही. मी रेडिओ लावला, बंद केला, आणि भिंतीवर दोनदा वाजवलं. पलीकडून जरा वेळानं दोनदा वाजलं. मग मी जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. 

गुरुवारी त्यांना त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. नवा फुगा मिळाला नव्हता, पण इंजिन चालू आहे तोवर पंप भरत राहतो. खिडकीपाशी एका बाईनं अर्ज भरायला घेतला. नाव, वय, त्रास. मग 'सोबत कोण?' वहिनी थबकल्या. मी म्हणालो, शेजारी. बाई म्हणाली, शेजारी चालत नाही, नातं सांगा. त्यावर वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिहा, भाऊ. लहानपणापासून बोलत नव्हता, आत्ता बोलायला लागलाय."

बाईनं तसं लिहिलं.

दोन्ही डोळ्यांतलं मधलं दिसणं वाचलं. उजव्या बाजूचं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तारखेला आल्या असत्या तर त्यातलंही बरंच राहिलं असतं. ते मी विसरत नाही. त्या सव्वीस दिवसांत महाराजाचा खोटेपणा जितका, तितकंच माझं गप्प राहणं.

म्हणून हे लिहिलं. गाडी असो, मूर्ती असो, अंगात येणं असो. जिथे कळत नाही तिथे खाली वाकून बघा. फार काही लागत नाही. टॉर्च, साबणाचं पाणी, आणि मला माहीत नाही असं म्हणायची तयारी. देवानं डोळे आणि अक्कल दिली ती वापरायला. ती वापरल्यानं त्याचा अपमान होत नाही. पहिल्या दिवशी कळलं तर पहिल्या दिवशी बोला. आणि बोलून झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. थोडं थांबा. ज्याच्या हातातलं खोटं तुम्ही काढून घेतलंत, त्याच्याकडे त्या संध्याकाळी दुसरं काहीच नसतं.